सहा मार्टिनी आणि दोन कप चहा

गेल्या जुलैत माझा धाकटा भाऊ साताऱ्याहून दोन खोकी घेऊन आमच्याकडे पुण्याला आला. साताऱ्याचं घर विकायला काढलंय. भांडी, फळ्या, लोखंडी कपाट यांची वासलात त्यानं तिथल्या तिथे लावली होती; पण अण्णांची पुस्तकं रद्दीत घालायला त्याचा हात होईना. बहुतेक सगळ्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, पानं पिवळी पडून कडांना खाल्लेली, काहींची मुखपृष्ठंच नाहीत. अण्णा छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर खिळे जुळवून आलेला माणूस रात्री पुन्हा छापील अक्षरंच का वाचत बसतो, हे कोडं मला लहानपणी पडायचं. आता वाटतं, दिवसा अक्षरं उलटी वाचायची, रात्री सुलटी, एवढाच त्यांना विसावा असेल.

पाऊस धो धो पडत होता. नवरा गावाला गेलेला, मुलगी हॉस्टेलवर. खोकी उपसून झाल्यावर धाकटा म्हणाला, “ताई, काहीतरी बघू या. मारामारी नको. डोक्याला ताप नको.” मी म्हटलं, रहस्यपट बघू या, जुना, विनोदी. माझ्या यादीत कित्येक वर्षं ‘द थिन मॅन’ हे नाव पडून होतं. त्याच्याबद्दल मला तीनच गोष्टी माहीत होत्या : १९३४ सालचा आहे, त्यात नवरा-बायको मिळून खुनाचा तपास लावतात, आणि त्यात एक कुत्रा आहे. धाकट्याला कुत्री आवडतात. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, चहा केला आणि आम्ही बसलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझा भाऊ सहा वर्षं आणि काही महिने दारू प्यायलेला नाही. महिने त्याला नक्की ठाऊक असतात, मी विचारत नाही. त्याआधीची चौदा वर्षं तो पीत होता. आमचे अण्णाही पीत. अण्णांनी सोडली नाही.

सिनेमाची सुरुवात निरुपद्रवी आहे. क्लाइड वायनंट नावाचा एक विक्षिप्त संशोधक, त्याची कार्यशाळा, भेटायला आलेली मुलगी. तिचं लग्न ठरलंय, आणि नाताळपर्यंत परत येईन असं तिला सांगून तो कुठेसा निघून जातो. मग तो परत येतच नाही. त्याच्या सेक्रेटरीचा खून होतो आणि संशय बेपत्ता वायनंटवरच जातो. शीर्षकातला ‘थिन मॅन’, म्हणजे काटकुळा माणूस, हाच. नायकाचा त्या शब्दाशी संबंध नाही. पण सिनेमा इतका चालला, की लोक नायकालाच ‘थिन मॅन’ समजू लागले आणि पुढच्या पाचही भागांच्या नावात तो शब्द राहिला.

हे सगळं संपून नायक पडद्यावर आला आणि माझ्या पोटात गोळा आला. निक चार्ल्स, म्हणजे विल्यम पॉवेल, एका आलिशान हॉटेलच्या बारमध्ये उभा आहे. बारवाल्यांना तो शिकवतोय, की कॉकटेल हलवायचं ते तालात. कुठलं पेय कुठल्या नाचाच्या ठेक्यावर हलवायचं हे ठरलेलं आहे आणि ड्राय मार्टिनी नेहमी वॉल्ट्झच्या ठेक्यावर. हलवता हलवता तो स्वतःही डोलतोय. पेला भरला जातो, तो पितो. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की हा माणूस हातात पेला नसताना फारसा दिसणारच नाहीये. आणि शेजारी धाकटा बसलेला.

बंद करावा का? काय सांगून? ‘बोअर आहे’ म्हटलं तर तो ओळखणार. आमच्या घरात तो येणार असला, की कपाटातले काचेचे पेले मी मागच्या फळीवर सरकवते. चहा कपात, पाणी स्टीलच्या भांड्यात. हे मी इतकी वर्षं त्याच्या नकळत करते आहे, असा माझा समज होता.

तेवढ्यात नायिका आली. नोरा, म्हणजे मर्ना लॉय. हातात नाताळच्या खरेदीची पुडकी आणि गळपट्टा ताणत पुढे धावणारा कुत्रा. तो तिला अक्षरशः फरफटत बारमध्ये आणतो आणि ती भर गर्दीत, सगळ्या पुडक्यांसकट, तोंडावर आपटते. उंची कोट घातलेली बाई, सपशेल पालथी. धाकटा खो खो हसला. मी पडद्याकडे बघतच नव्हते. मी त्याच्याकडे बघत होते.

पुढे तो प्रसिद्ध प्रसंग येतो. नोरा नवऱ्याला विचारते, किती झाल्या? तो म्हणतो, ही धरून सहा मार्टिनी. माझ्या ओळखीच्या जगात या उत्तरापुढे बायकोची दोनच कामं असतात, रडणं किंवा भांडणं. नोरा शांतपणे वेटरला सांगते, की मला अजून पाच आणून द्या आणि इथे समोर ओळीत मांडा. नवऱ्याच्या मागे राहायचं नाही, एवढाच तिचा मुद्दा. पुढच्या दृश्यात ती अंथरुणात, डोक्यावर बर्फाची पिशवी.

धाकट्यानं टीव्ही थांबवला. “ताई,” तो म्हणाला, “तू सिनेमा बघ. मला काय बघतेस?”

मी म्हटलं, “बंद करू का?”

“कशाला? कुत्रा भारी आहे.” आणि त्यानं पुन्हा चालू केला.

*

दारू पिणाऱ्याचं मूल हे जन्मजात डिटेक्टिव्ह असतं. त्याला अर्नाळकर वाचावे लागत नाहीत. संध्याकाळी साडेसातनंतर आमच्या घरात मी कान लावून बसायचे. अण्णांनी सायकल एका झटक्यात स्टँडवर चढवली, तर आजची रात्र बरी. दोन-तीनदा खटपट झाली, तर बेताची. स्टँडचा आवाजच न येता सायकल भिंतीला घासल्याचा आवाज आला, की मी धाकट्याची पुस्तकं आवरून ठेवायचे आणि त्याला आतल्या खोलीत न्यायचे. पुढे चपला काढायला लागणारा वेळ, मग कडीचा आवाज, मग “काय केलंय जेवायला” यातल्या ‘काय’वरचा जोर. शेरलॉक होम्स बुटावरच्या चिखलावरून माणूस कुठून आला ते सांगतो, तेव्हा मला कधीच आश्चर्य वाटलं नाही. त्यात काय एवढं?

ही सवय जात नाही. धाकटा पीत होता तेव्हा मी फोनवर त्याच्या ‘हॅलो’वरून ओळखायचे. आता पीत नाही, तरी ओळखायला बघते.

तर या सरावलेल्या नजरेनं मी निक चार्ल्सकडे बघत होते आणि मला सगळ्यात खटकत होतं ते हे, की पुरावाच नव्हता. माणूस सकाळी पितो, दुपारी पितो, पार्टीत पितो, झोपेतून उठवला तर पितो. पण त्याचा हात थरथरत नाही. डोळे लाल नाहीत. एकच गोष्ट चारदा सांगत नाही. बायकोच्या पर्समधून पैसे काढत नाही. पैसे बायकोचेच आहेत आणि ते दोघांना पुरून उरतील एवढे आहेत. फार तर पाऊल किंचित तरंगतं, जीभ किंचित सैल सुटते, आणि नेमकी तेव्हाच ती अधिक हजरजबाबी होते. सहा मार्टिनी झालेल्या माणसाची बोटं, तोल, आवाज, मला सगळं माहीत आहे. हा माणूस खोटा होता. निदान अर्धा.

आणि तरीही मी हसू लागले होते. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

*

हसू का आलं, याचा नंतर विचार केला तेव्हा पहिल्यांदा तारखा जुळवून पाहिल्या. अमेरिकेत दारूबंदी लागू झाली जानेवारी १९२० मध्ये आणि उठली ५ डिसेंबर १९३३ ला. ‘द थिन मॅन’ झळकला मे १९३४ मध्ये. म्हणजे जेमतेम सहा महिने आधीपर्यंत उघडपणे बारमध्ये दारू विकणं हा गुन्हा होता. सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय, ती डॅशिएल हॅमेटची ‘द थिन मॅन’ दारूबंदीच्या काळातल्या न्यूयॉर्कमध्ये घडते. तिच्यातला निक पहिल्याच वाक्यात चोरट्या गुत्त्यात उभा आहे. सिनेमातला निक झगमगत्या हॉटेलात, बँडच्या तालावर, राजरोस उभा आहे. त्या वर्षीच्या प्रेक्षकाला त्यातून चौदा वर्षांनी आलेली सुट्टी दिसली असणार. बाहेर मंदी होती आणि आत कुणीतरी पैशाची, नोकरीची, उद्याची फिकीर न करता हसत होतं.

आपल्याकडे मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. त्या कायद्यातल्या परवान्याचा शब्द अजून पाट्यांवर शिल्लक आहे. ‘परमिट रूम’ वाचताना आज कुणाच्या मनात परमिटचा विचार येत नाही, पण पाटी तशीच आहे. अण्णांच्या पिढीच्या पिण्यात त्यामुळे एक चोरटेपणा मुरलेला होता. पडद्याआडची बाकडी, मागचं दार, तोंडातल्या बडीशेपेचा वास. त्यात वॉल्ट्झ कुठून असणार?

आणि आपली गोष्टही वेगळी. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, अमेरिकेतल्या दारूबंदीच्या आगेमागेच. दारुड्याची बायको म्हटलं की मराठी मनात सिंधू उभी राहते. जात्यावर बसणारी, सोसणारी, शेवटी मरणारी. त्याच नाटकातला तळीराम मात्र हसवतो, आणि त्यानं इतकं हसवलं की त्याचं नाव सामान्यनाम झालं. एकतीस डिसेंबर जवळ आला की वर्तमानपत्रं अजूनही ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा देतात. म्हणजे दारूवर हसायला आम्हाला येत नाही असं नाही. पण हसायचं ते तळीरामावर. सुधाकर-सिंधूच्या घरात हसू शिरलं नाही पाहिजे, असा अलिखित नियम. आमच्या घरानंही तो पाळला.

नोरा सिंधू नाही. तिला नवऱ्याला सुधारायचं नाही. तिला त्याच्याबरोबर असायचंय. निकनं लग्नानंतर डिटेक्टिव्हचं काम सोडलंय, बायकोची इस्टेट सांभाळतो म्हणतो. खुनाच्या भानगडीत पडायची त्याची इच्छा नाही. तिला मात्र ही केस हवीच आहे. रात्री एक घाबरलेला गुंड पिस्तूल घेऊन त्यांच्या झोपायच्या खोलीत घुसतो, तेव्हा निक आधी नोराच्याच जबड्यावर ठोसा मारून तिला गोळीच्या वाटेतून आडवी करतो आणि मग त्याच्यावर झेप घेतो. शुद्धीवर आल्यावर नोराची तक्रार काय? तर तू त्याला कसं लोळवलंस, ते मला बघायचं होतं! आज हे दृश्य बघताना अंगावर येतं, आलंही. बायकोला मारणारा पुरुष कुठल्याही कारणानं मला विनोदी वाटत नाही. पण तिच्या रागाचं कारण ऐकून हसू फुटलं तेही खरं. दुसऱ्या एका वेळी ती तपासात मागे लागते, म्हणून तो तिला टॅक्सीत बसवून ड्रायव्हरला परस्पर ग्रँटच्या समाधीचा पत्ता देतो. नंतर कशी वाटली समाधी विचारतो. छान आहे, ती म्हणते, तुझ्यासाठी तश्शीच एक करायला टाकली आहे.

या दोघांत सबंध सिनेमाभर एकही प्रेमाचं भाषण नाही. नाताळच्या सकाळी तो सोफ्यावर लोळत, भेट मिळालेल्या हवेच्या बंदुकीनं झाडावरचे फुगे फोडत बसलाय आणि ती घरात नवा फरचा कोट घालून त्याच्याकडे बघत बसली आहे. बास. पण दोघांना एकमेकांच्या सहवासाचा कंटाळा आलेला नाही, हे कुणालाही कळावं.

*

खुनाचा गुंता मला नीट कळला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. वायनंटची आधीची बायको, तिचा नवा नवरा, पुस्तकं वाचून सगळ्यांना मानसिक रोग लावणारा मुलगा, वकील, हिशेब, बाँड. धाकट्यानं दोनदा विचारलं, “हा कोण?” आणि दोन्ही वेळा मी चुकीचं सांगितलं. बनवणाऱ्यांनाही त्याची फार पर्वा नव्हती. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक एका टेकमध्ये काम उरकण्याबद्दल प्रसिद्ध होता. हा सिनेमा त्यानं दोन-अडीच आठवड्यांत उडवला. पटकथा लिहिली फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट यांनी, म्हणजे खऱ्याखुऱ्या नवरा-बायकोंनी. आणि त्यांना दिग्दर्शकाचं सांगणं होतं, की रहस्याचं नंतर बघू, या दोघांचे प्रसंग लिहा. मर्ना लॉयला तोवर परकी, गूढ, विषारी बायकांच्या भूमिका मिळत. ‘द मास्क ऑफ फू मांचू’मध्ये ती फू मांचूची क्रूर मुलगी होती. तिच्यात हसणारी गृहिणी आहे, हे व्हॅन डाइकला दिसलं. त्यानं आपल्या पार्टीत तिला पोहण्याच्या तलावात ढकलून ती कशी घेते ते पाहिलं, असं सांगतात. पुढे पॉवेल आणि लॉय यांनी एकूण चौदा सिनेमे बरोबर केले आणि ती दोघं खरोखरच नवरा-बायको आहेत अशी कित्येक लोकांची समजूत होती.

शेवट मात्र कळला. खुनी कोण ते सांगणार नाही. नव्वद वर्षं झाली म्हणून काय झालं, कुणीतरी पहिल्यांदा बघणार असेलच. एवढं सांगते, की कुत्रा एका ठिकाणी जमीन हुंगत थांबतो आणि तिथून केस फिरते. मग निक सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतो. वाढपी सगळे पोलिस. वेष वाढप्यांचा पण हात पोलिसांचे, त्यामुळे पाहुण्यांना खुर्च्यांवर जवळजवळ दाबून बसवलं जातं. खुनी याच टेबलाशी बसला आहे, असं निक जाहीर करतो आणि त्याच श्वासात सांगतो, मासे वाढा. गंमत म्हणजे तेव्हा त्यालाही सगळं ठाऊक नाही. तो बोलत राहतो, एकेकाचा चेहरा बघत राहतो आणि कुणीतरी घाबरून स्वतःला उघडं पाडेल याची वाट बघतो.

“हे अण्णांसारखं आहे,” धाकटा म्हणाला.

“काय?”

“सायकलची केस.”

मला एक क्षण काही आठवेना. मग सगळं आठवलं.

मी बारा वर्षांची असेन, तो आठ. अण्णा एका रात्री बरेच पिऊन आले. सकाळी उठून बघतात तो अंगणात सायकल आहे, पण आपली नाही. म्हणजे तीही सायकल काळी, तीही जुनी, पण कॅरिअर वेगळं. अण्णांचा निष्कर्ष असा, की रात्री चोर आला, त्यानं आपली चांगली सायकल नेली आणि त्याची भंगार सायकल ठेवून गेला. मग ते झुंजार झाले. दूधवाल्याला विचारलं, पेपरवाल्याला विचारलं, बोळाच्या तोंडाशी उभं राहून चाकांच्या खुणा बघितल्या. तेवढ्यात दोन घरं सोडून राहणारे एक गृहस्थ आले. त्यांचीही सायकल चोरीला गेलेली! टोळीच फिरते आहे, असं दोघांचं ठरलं. दोघांनी मिळून अर्धी गल्ली पालथी घातली. चावडीवर जाऊन आले. आणि ती सायकल, त्या गृहस्थांची, सकाळपासून आमच्या अंगणात उभी. अण्णांची सायकल दुपारी गुत्त्याच्या भिंतीशी सापडली. तिथून निघताना त्यांनी शेजारची उचलून आणली होती. ते गृहस्थही तिथेच बसलेले आणि रात्री पायी घरी गेले होते, पण दोघांनाही ते आठवत नव्हतं किंवा एकमेकांसमोर कबूल करायचं नव्हतं.

“मला पहिल्यापासून माहीत होतं,” धाकटा म्हणाला. “रात्री घंटी वाजली ना अंगणात. आपली घंटी तशी वाजायची नाही.”

“मला पण माहीत होतं,” मी म्हटलं. “स्टँडचा आवाज वेगळा होता. एका पायाचा स्टँड.”

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आठ आणि बारा वर्षांची दोन पोरं, एकाच खोलीत, एकाच पांघरुणाखाली, दोघांनी केस सोडवलेली आणि दोघांनीही तोंड मिटून ठेवलेलं. का, तर दुसऱ्याला कळू नये. मी त्याला सांभाळत होते. तो मला सांभाळत होता. पस्तीस वर्षं मी या समजुतीत होते, की त्या घरात कान लावून झोपणारी मी एकटीच होते.

मग आम्ही हसलो. इतके, की कुत्र्याचं शेवटचं दृश्य, रेल्वेच्या बर्थवर तो पंजानं डोळे झाकून घेतो ते, पुन्हा मागे नेऊन बघावं लागलं. चावडीवर जाऊन आले! दोन दारुडे, स्वतःच केलेल्या चोरीची तक्रार करायला! अण्णांवर हसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ असेल. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली.

“आई पण हसत होती,” धाकटा डोळे पुसत म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं. “आई रडत होती.”

“हसत होती. ओट्याशी उभी होती, पाठ करून. खांदे हलत होते तिचे.”

“खांदे हलत होते, कारण ती रडत होती.”

तो काही बोलला नाही. मीही नाही. पुरावा दोघांकडे एकच होता, पाठमोरी आई आणि हलणारे खांदे. तिला विचारायला ती आता नाही. सगळ्या संशयितांना टेबलाशी बसवून मासे वाढायची सोय आमच्या केसमध्ये उरलेली नाही.

*

तो साताऱ्याला परत गेल्यावर मी हॅमेटबद्दल वाचत बसले. हा माणूस स्वतः पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला. त्याच्या पाचच कादंबऱ्या आहेत, त्यांत ‘द माल्टीज फाल्कन’. ‘द थिन मॅन’ ही पाचवी, १९३४ ची, आणि शेवटची. त्यानंतर तो सत्तावीस वर्षं जगला, १९६१ च्या जानेवारीत गेला, पण एकही कादंबरी पुरी करू शकला नाही. नोरा ही लेखिका लिलियन हेलमनवरून सुचलेली. पुस्तक तिलाच अर्पण केलेलं आहे. आणि हॅमेट प्यायचा. निकसारखा वॉल्ट्झवर डोलत नव्हे. खराखुरा, आजारी पडेपर्यंत. १९४८ च्या सुमारास डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यानं सोडली आणि मग सोडलीच.

म्हणजे पुरावा होता. तो पडद्यावर नव्हता, लिहिणाऱ्याच्या आयुष्यात होता. हात न थरथरणारा, रिकाम्या पेल्यागणिक अधिक शहाणा होणारा निक ही एका पिणाऱ्या माणसानं स्वतःला सांगितलेली गोष्ट होती. हे कळल्यावर मला सिनेमाचा राग यायला हवा होता. तो आला नाही. आमच्या अण्णांनाही तसंच वाटत असणार, की आपण झुंजार आहोत, चाकांच्या खुणा बघतो आहोत आणि आता केस सुटेलच. आत कुणीतरी अंधारात पडून आपल्या सायकलच्या आवाजाचा हिशेब ठेवतंय, हे त्यांच्या कादंबरीत नव्हतं.

पण ‘द थिन मॅन’ खोटा आहे एवढंच म्हणून मला थांबता येत नाही. दारूच्या बाबतीत तो खोटा आहे. दोन माणसं एकमेकांना बघून खूश होतात, एकमेकांची टवाळी करतात, आणि ती टवाळी हीच त्यांची माया असते, याबाबतीत तो खरा आहे. मार्टिनीऐवजी त्यांच्या हातात चहा असता तरी ते प्रसंग चालले असते. आमच्या हातात चहाच होता.

दिवाळीत धाकटा पुन्हा आला आणि स्वतःच म्हणाला, “त्या कुत्र्याचे पुढचे लाव.” आम्ही उड्या मारत गेलो. १९४५ च्या पाचव्या भागात, ‘द थिन मॅन गोज होम’मध्ये, निक नोराला घेऊन आपल्या गावी, आईवडिलांकडे जातो. वडील डॉक्टर आहेत, त्यांना मुलाचा धंदाही पसंत नाही आणि पिणंही. म्हणून सबंध सिनेमाभर निक खिशात सफरचंदाच्या रसाची बाटली घेऊन फिरतो. गावातल्या कुणाचा यावर विश्वास नाही. तो अडखळून पडला, की सगळे समजतात प्यायलाय. वडीलही.

हे बघताना धाकटा हसत नव्हता. “असंच असतं,” तो म्हणाला. “सहा वर्षं झाली तरी मी हळदी-कुंकवाचं सरबत प्यायलो तरी बायका माझ्या ग्लासाकडे बघतात.” मग थोडं थांबून म्हणाला, “तूसुद्धा.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

त्या रात्री तो झोपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. त्याचा कप विसळायचा राहिला होता. तो आला की त्याचा कप किंवा भांडं विसळण्याआधी मी नाकाशी नेते. सहा वर्षं नेते आहे. या वेळी नेणार नाही असं ठरवून गेले होते. कप हातात घेतला, नळ सोडला, आणि पाण्याखाली धरायच्या आधी हात आपोआप वर गेला.

चहा होता. आलं घातलेला, मीच केलेला.

मागच्या फळीवरचे काचेचे पेले मात्र दुसऱ्या दिवशी पुढे काढून ठेवले. सकाळी धाकट्यानं त्यातला एक घेतला, माठातलं पाणी भरलं आणि जाता जाता म्हणाला, “सापडले का एकदाचे?”